ते दोन-तीन दिवस सोडले तर

गुरुवारी सकाळी प्यो साहेबांनी टेबलावर हात असा आपटला, की हेजूच्या कागदी पेल्यातली कॉफी उडून तिच्या बाहीवर आली.

"सरासरी सांग, सरासरी! हे दुसरं काय लफडं आणलंयस?"

"प्रमाण विचलन," बाही पुसत हेजू म्हणाली.

"ते मी शाळेत नापास झालो तेव्हाच सोडलं."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं तोंड लपवून हसले.

बुसानमधल्या त्या लहानशा कंपनीत हेजूचं काम असं होतं: एखादी वेबसाइट लोकांसाठी उघडण्याआधी तिच्यावर हजारो खोटी गिऱ्हाइकं सोडायची. ही गिऱ्हाइकं म्हणजे यंत्रंच, पण माणसांसारखी दार ठोठावणारी, तिकीट मागणारी, एकदम लोटणारी. मग कुणाला किती ताटकळावं लागलं ते मोजायचं. या खेपेची वेबसाइट बसच्या तिकिटांची होती. छुसॉकच्या सणाला सगळा देश आपापल्या गावी निघतो. त्या गाड्यांची तिकिटं शनिवारी सकाळी विक्रीला निघायची होती.

"पान उघडायला लागणारा वेळ सरासरी एका सेकंदाच्या आत आहे," हेजू म्हणाली. "पण विचलन चार सेकंदांचं आहे. सरासरीच्या चौपट, साहेब."

"माणसांच्या भाषेत सांग."

हेजूने खिडकीबाहेर बोट केलं. "समजा, समोरच्या गल्लीत नूडल्सची दोन दुकानं आहेत. पहिल्यात वाडगा यायला नऊ मिनिटं लागतात, नाहीतर दहा, नाहीतर अकरा. दुसऱ्यात दहा दिवस वाडगा एका मिनिटात हजर, आणि तीन दिवस चाळीस मिनिटं बसवून ठेवतात. आता सरासरी काढा."

प्यो साहेबांनी फोनवर आकडेमोड केली. "दोन्हीकडे दहा."

"पहिल्याचं विचलन एक मिनिटसुद्धा नाही. दुसऱ्याचं सोळा. सरासरी दुकानाची ओळख करून देते. त्या ओळखीवर किती विसंबायचं ते विचलन सांगतं."

"मी दुसऱ्यातच जाईन. तेरातले दहा दिवस चैन!"

"पण चाळीस मिनिटांचा दिवस कुठला ते आधी कळत नाही. मग रोज आत शिरताना पोटात गोळा येतो. एका मिनिटात वाडगा मिळतो त्या दिवशीसुद्धा."

हे वाक्य तिच्या तोंडून जरा हळूच निघालं. प्यो साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं.

"हे मिनिट मिनिट लटकलेले किती आहेत?"

"हजारात पाच."

"मग हे पाच जण सोडून दिले तर?"

"तर विचलन अर्ध्या सेकंदाच्याही खाली येतं."

"मग सोड की, बाई! बसकंपनीला अहवालात हिरवा रंग बघायचाय."

"साहेब, शनिवारी हेच पाच पहिल्यांदा येतील. आणि गर्दी वाढली की पाचाचे पन्नास होतील."

"हजारात पाच! तेवढे सोडले तर साइट सोन्यासारखी आहे." त्यांनी तिच्या पुढ्यातला कीबोर्ड ओढला, लटकलेले आकडे निवडले आणि उडवले. पडद्यावरचा लाल पट्टा हिरवा झाला.

प्यो साहेब रोज ओरडत. रोज साधारण त्याच वेळी, त्याच पट्टीत, टेबलावर त्याच जागी हात आपटत. म्हणून कचेरीत त्यांना कुणी घाबरत नसे. हेजू तर नाहीच. भीती कशाला म्हणतात ते ती दुसरीकडे शिकली होती.

तिचं लहानपण उल्सानमध्ये गेलं. वडील, जेगाल मानसू, जहाजाच्या कारखान्यात वेल्डर. जिन्यावरून ते चढू लागले की ती आणि तिला नूना, म्हणजे ताई, म्हणणारा धाकटा भाऊ ग्युमिन श्वास धरून ऐकत बसायची. दारात बूट काढताना आप्पा एक पाय दुसऱ्यावर घासून काढतात, की खाली बसून नीट सोडतात, यावरून ती पोरं त्या संध्याकाळचा अंदाज बांधायची. अंदाज चुकायचा. हीच तर गंमत होती. प्यायलेले आप्पा गाणं म्हणत यायचे आणि न प्यायलेले आप्पा हात उगारायचे, कधी उलटं. वर्षातून दोनदा, तीनदा. बाकीचे दिवस त्यांच्यासारखा माणूस नव्हता. आळीत सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करायचे. पोरांना खांद्यावर घेऊन समुद्रावर न्यायचे.

एका संध्याकाळी आप्पांनी बांगड्याचे काटे स्वतः काढून तिच्या भातावर एक एक तुकडा ठेवला. कारखान्यातल्या कुणाची तरी नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. ओम्माही, म्हणजे आईही, हसली. मग आप्पांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, ओम्माचे केस मागून मुठीत धरले आणि तिचं तोंड जेवणाच्या चौरंगाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. ओम्माचा एक दात मुळ्याच्या किमचीच्या वाटीत पडला. दात तिथं असू नये एवढंच काय ते ग्युमिनला कळलं. त्याने आपल्या छोट्या चॉपस्टिक्सनी तो उचलला आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून बसला.

ओम्माला पाठीवर घेऊन इस्पितळापर्यंत धावत गेले तेही आप्पाच. रस्ताभर रडत होते. त्यानंतर कित्येक महिने घरात भांड्याला भांडं लागलं नाही.

"वर्षातले ते दोन-तीन दिवस सोडले," ओम्मा म्हणायची, "तर तुझ्या आप्पांसारखा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही."

कॉलेजात प्रमाण विचलनाचं सूत्र फळ्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारची मुलगी कपाळाला हात लावून बसली होती. हेजूला त्यात नवीन असं काहीच दिसलं नाही. प्रत्येक दिवस सरासरीपासून किती लांब गेला ते पाहायचं, आणि लांब गेलेल्याला जास्त वजन द्यायचं. तिच्या अंगाला हे आधीपासून येत होतं.

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ओम्माचा फोन आला.

"जेवलीस?"

"जेवतेय. गिंबापचा रोल."

"दुकानातला? शीत न् शीत मोजून घालतात मेले. आत नुसता मुळा."

"ओम्मा, तुझा आवाज असा का येतोय? तोंडात कापूस धरल्यासारखा."

"दाढ दुखतेय. म्हातारीच्या तोंडात दुसरं काय दुखणार! ऐक, सोयाबीनच्या रसात पानं मुरवून ठेवलीयत तुझ्यासाठी. डबा मोठा आण. मागच्या वेळी ती पिशवी फुटून सगळी बस घमघमली होती, आठवतंय ना?"

"आप्पा काय करतायत?"

"तुझे आप्पा? गुणी बाळ झालेत. या आठवड्यात भांडी मला हातच लावू देत नाहीत. आत्तासुद्धा घासतायत. ऐक." ओम्माने फोन मोरीकडे धरला असावा. पाण्याचा आवाज आला, आणि भांड्यांचा.

हेजूने हातातला घास खाली ठेवला. आप्पा भांडी घासू लागले याचा अर्थ दोघींना ठाऊक होता: काहीतरी होऊन गेलं होतं. दाढ दुखत नव्हती. "ओम्मा, माझ्याकडे निघून ये, आजच," हे वाक्य तिच्या ओठांवर आलं. वर्षानुवर्षं येत होतं. ओम्मा त्यावर काय म्हणेल तेही तिला पाठ होतं. मग ती पाणी प्यायली.

"बरं. रविवारी येते."

"ये. आणि येताना एकटीच येऊ नकोस, एखादा जावई धरून आण."

"ओम्मा!"

"बरं बरं, ठेवते. कडवट तोंड करू नकोस, इथून दिसतंय मला."

शुक्रवारी पहाटे ग्युमिनचा फोन आला. ओम्मा ओल्या कचऱ्याची बादली घेऊन खाली निघाली होती म्हणे, आणि जिन्यावरून पडली. डोकं फुटलं. इस्पितळात नेईपर्यंत संपली होती. "आप्पांनीच उचलून आणलं तिला," ग्युमिन हुंदके देत म्हणाला. "पाठीवर. नूना, आप्पांचा सगळा सदरा रक्ताने..."

आपण काय बोललो, ते हेजूला नंतर कधीच आठवलं नाही.

इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनात ओम्माचा फोटो पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध लावला होता. पासपोर्टसाठी काढलेला. कुठेही गेली नव्हती, पासपोर्ट मात्र काढून ठेवला होता. फोटोखाली नाव: ओ माल्सुन. माल्सुन म्हणजे शेवटची पोर. आता आणखी मुलगी नको, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. हेजूने काळा पोशाख घातला, केसांत पांढऱ्या फितीची पिन लावली. ग्युमिनच्या दंडाला मुलाने बांधायची शोकाची पट्टी बांधली गेली. आप्पा फोटोच्या बाजूला गुडघ्यांवर बसून होते. येणारा प्रत्येक जण फोटोला नमस्कार करून त्यांच्याकडे वळे, आणि ते वाकून, कपाळ जमिनीला टेकवून परतफेड करत. उठताना त्यांना दोघांनी धरावं लागे.

"बिचारा मानसू," बाहेर जेवणाच्या दालनात लोक म्हणत. "आता याला कोण बघणार?"

पोलिसांनी जिना पाहिला होता, प्रेत पाहिलं होतं, शेजाऱ्यांना विचारलं होतं. अपघात. प्रेत ताब्यात घ्यायच्या कागदावर नवरा म्हणून आप्पांनी सही केली होती. रविवारी सकाळी दहन.

शनिवारी सकाळी मात्र जेवणाच्या दालनात एकच गिल्ला झाला. लाल तिखट रश्श्याचे वाडगे तसेच निवत ठेवून सगळे नातेवाईक फोनवर तुटून पडले होते. सणाची तिकिटं सुटली होती.

"मिळाली का तुमची?"

"कसली मिळतायत! पांढरं पान दिसतंय नुसतं."

"माझं उघडलं होतं हो, पैसे भरताना मेलं. बंद पडलं सगळं!"

"ज्यांनी ही साइट बनवली ना, त्यांना बसच्या टपावर बांधून न्यायला पाहिजे ग्वांगजूपर्यंत."

रश्श्याचा ट्रे धरून हेजू त्या शिव्यांमधून चालत गेली. हजारातले पाच जण आले होते.

त्यानंतर प्रेताला वस्त्रं घालायचा विधी झाला. काचेपलीकडे दोन माणसं हलक्या हाताने काम करत होती. मग घरच्यांना शेवटचं बघायला आत बोलावलं. ओम्मा तागाच्या पिवळसर कापडात बांधलेली होती. हात झाकलेले. डोक्याची जखम टोपीखाली. चेहऱ्यावर पावडर. हेजूने वाकून तिच्या गालाला हात लावला. गार होता, आणि पावडर बोटाला लागून निघाली. जबड्याच्या खाली, कानाकडे जाणारा एक डाग उघडा पडला.

डाग पिवळा होता. कडेला हिरवट.

जिन्यावरून पडून काल-परवा झालेला डाग जांभळा असतो, काळा असतो. पिवळा व्हायला आठवडा जावा लागतो. हे ज्ञान तिने पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. तोंडात कापूस धरल्यासारखा आवाज तिला पुन्हा ऐकू आला, आणि मागे वाहणारं पाणी.

तिने वर पाहिलं. पलीकडे ग्युमिन उभा होता. त्याने डाग पाहिला होता. मग त्याने मान वळवली. कामवाल्या माणसाने, "माफ करा," म्हणत ब्रशने पुन्हा पावडर लावली.

बाहेरच्या बोळात तिने त्याला गाठलं.

"पाहिलंस ना?"

"काय?"

"ग्युमिन."

"नूना, पाया पडतो तुझ्या." त्याचा आवाज अगदी लहानपणचा झाला होता. "ओम्मा तर गेली. आता आप्पांनाही घालवायचं का? मग आपलं कोण राहिलं?"

हेजूने त्याच्या दंडावरची पट्टी सरळ केली.

दुपारी प्यो साहेब आले. काळा सूट, हातात दुखवट्याच्या पैशांचं पांढरं पाकीट. त्यांनी फोटोपुढे रीतसर नमस्कार केला, आप्पांपुढे केला, हेजूपुढे केला. उठताना ते तिथेच जरा थबकले. रोज ओरडणारा तो माणूस कुजबुजत म्हणाला, "इथं बोलू नये, कळतंय मला. पण रात्रभर झोपलो नाही आणि आज सकाळपासून बोलणी खातोय. आपण जे सोडून दिले होते ना, तेच आले, हेजू. तू सांगत होतीस. मी कशाला सोडले कोण जाणे."

"तुम्हाला हिरवा रंग पाहिजे होता," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. प्यो साहेबांनी मान खाली घातली आणि एका कोपऱ्यात जाऊन रश्श्याचा वाडगा पुढ्यात घेऊन बसले.

त्यानंतर थोड्या वेळाने पोलीस अधिकारी ग्वाक मॅडम आल्या. साध्या कपड्यांत, चाळिशीच्या, पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक. बूट बाहेर काढून त्या चौरंगाशी मांडी घालून बसल्या.

"नेहमीची चौकशी आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी दोन डाग जुने असावेत असं लिहिलंय, म्हणून आले. उद्या सकाळी दहन आहे. एकदा ते झालं की मग काही बघता येत नाही. तेव्हा घरच्यांपैकी कुणाला काही शंका असेल, तर ती आज सांगा."

"मी सांगते! मला विचारा!" ओम्माची थोरली बहीण, म्हणजे इमो, दालनाच्या टोकाकडून ओरडत आली. सोजूचा पेला तिच्या हातातच होता. "या राक्षसाला विचारा! माझ्या बहिणीची बरगडी कोणी मोडली होती, विचारा! कपाटाचं दार लागलं म्हणे! कपाटाला हात असतात का रे, मानसू?" बोलता बोलता तिने चौरंगावरचा रश्श्याचा वाडगा उचलून आप्पांच्या अंगावर फेकला. लाल रस्सा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून ओघळला. इमो त्यांच्या छातीवर धावून गेली, मुठींनी मारू लागली, चावली. दोन चुलते आणि ग्युमिन यांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती जमिनीवर लाथा झाडत होती. एका चुलत्याने तिचं तोंड दाबलं. आप्पांनी एक बोटही उचललं नाही. ते डोळे मिटून बसून राहिले. गालांवरून पाणी वाहत होतं.

"प्यायलीय," चुलता धापा टाकत म्हणाला. "दुःखाने डोकं फिरलंय बाईचं. वर्षभर बहिणीकडे फिरकली नव्हती, आणि आता बघा."

"तिला सोडा," आप्पा म्हणाले. "तिचं बरोबर आहे. माझंच लक्ष नव्हतं. बादली मी न्यायला हवी होती."

दालनातल्या बायका डोळ्यांना पदर लावावा तशा हातरुमाल लावू लागल्या.

ग्वाक मॅडमनी ग्युमिनकडे पाहिलं. "तुम्ही मुलगा. तुम्ही सांगा. वडील हात उचलायचे का?"

ग्युमिनच्या कपाळावर घाम आला होता. इमोच्या नखांनी त्याची मान ओरबाडली होती. तो चौरंगाच्या कडेकडे बघत होता.

"आप्पा तापट आहेत," तो म्हणाला. "कुणाचे वडील नसतात? पण... ते दोन-तीन दिवस सोडले तर..."

हेजूच्या हातातला पेला खाली ठेवला गेला. पाणी सांडलं, तिला कळलं नाही. पडद्यावरचा लाल पट्टा हिरवा होताना तिला दिसला. तागाच्या कापडावर पुन्हा फिरणारा पावडरचा ब्रश दिसला. ओम्मानेही तेच केलं होतं, आयुष्यभर. आकडे निवडले आणि उडवले. म्हणून तर ती मोरीपाशी उभी राहून हसत फोन धरू शकली. आणि आता तिलाच उडवून देणार होते, उद्या सकाळी, आणि घर पुन्हा सोन्यासारखं होणार होतं.

"हेजू," आप्पा मऊ आवाजात म्हणाले. मारण्याआधी त्यांचा आवाज कधी चढत नसे. "पोरी, मॅडमना काहीतरी प्यायला आण."

तिचे पाय उठायला निघाले. इतक्या वर्षांची सवय. तिने तळहात जमिनीवर दाबून धरले आणि ती जागची हलली नाही.

"मॅडम," ती म्हणाली. "आप्पा ओम्माला मारायचे."

दालनात कुणीतरी 'श्श' केलं.

"दात पाडला होता. बरगडी मोडली होती. गेल्या आठवड्यात जबड्यावर मारलंय. पावडर पुसून बघा, जबड्याच्या खाली, डाव्या कानाकडे. तो डाग जिन्याचा नाही. पिवळा आहे."

"पोरीचं डोकं ठिकाणावर नाही," आप्पा म्हणाले आणि उठले. उठायला या वेळी त्यांना कुणी धरावं लागलं नाही. चटईवर त्यांची पावलं वाजली, एक, मग दुसरं. बूट नव्हते, तरी हेजूने ती ओळखली. तिने डोळे मिटले नाहीत.

केसांत मूठ मागून आली. पिन कडकन तुटली आणि पांढरी फीत चटईवर पडली. तिचं कपाळ चौरंगाच्या कडेवर आदळलं, तसाच आवाज झाला, जसा तेव्हा झाला होता. वाडगे उलटले. कुणीतरी किंचाळलं. दुसऱ्यांदा तिचं डोकं वर ओढलं गेलं तेव्हा ग्वाक मॅडम आप्पांच्या हाताला लटकल्या होत्या, कोपऱ्यातून प्यो साहेब मोज्यांवर घसरत धावत येत होते, आणि आप्पांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ग्युमिन ओरडत होता, "सोडा! आप्पा, सोडा तिला! सोडा!"

आणि एकाएकी मूठ सुटली. चार जणांनी मिळून आप्पांना भिंतीशी दाबून धरलं. त्यांचा श्वास शिटीसारखा वाजत होता. ते स्वतःच्या हाताकडे असे बघत होते, जणू तो कुणी दुसऱ्याने आणून लावला होता. मग ते रडू लागले. खरं रडणं होतं. नेहमीच खरं असे.

आता सांगायचं काही उरलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. ग्वाक मॅडम फोनवर बोलू लागल्या होत्या. इमो हेजूच्या कपाळावर स्वतःचा रुमाल दाबत, "गप, बाळा, गप, झालं," म्हणत होती. पण हेजूने तिचा हात बाजूला केला. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, शेवंतीची फुलं अर्धी पांढरी आणि अर्धी लाल दिसत होती. ती गुडघ्यांवर सरकत फोटोसमोर गेली. रडण्याआधी मोठ्याने बोलायचं होतं, नाहीतर पुन्हा राहून गेलं असतं.

"ओम्मा," ती म्हणाली, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी. "मला भीती वाटायची. आप्पा मारायचे त्या दिवशी नाही. त्या दिवशी काय ते होऊन जायचं. मारायचे नाहीत त्या दिवशी वाटायची. ते बांगड्याचे काटे काढून द्यायचे तेव्हा वाटायची. परवा तू भांड्यांचा आवाज ऐकवलास तेव्हा वाटली. माझ्याकडे निघून ये, असं म्हणायचं होतं मला. तू सगळं सोडून देत होतीस ना, ओम्मा, ते दोन दिवस, ते तीन दिवस. मी एकही सोडलेला नाही."

मग ती ग्वाक मॅडमकडे वळली.

"उद्या तिला जाळू नका."